उपनगरातला जुना बंगला: वारसामूल्य तपासायचं कसं आणि मांडायचं कसं

‘आमचं घर हेरिटेज आहे का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत फार उशिरा विचारला जातो. तोवर पुनर्विकासाचा प्रस्ताव आलेला असतो, ओटीला सरकत्या काचा बसलेल्या असतात, भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढलेला असतो, आणि जुने नकाशे कुठल्या ट्रंकेत होते हे सांगणारं माणूस राहिलेलं नसतं. हा लेख त्याआधीच्या टप्प्यासाठी आहे. मुंबईच्या उपनगरांतला साधारण १९०० ते १९४० मधला बंगला किंवा एक-दोन मजली घर डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. पुण्यातल्या डेक्कन जिमखाना, एरंडवणे भागातल्या घरांना पद्धत हीच लागू पडते, फक्त काही कागदांची नावं बदलतात.

कामाला लागण्याआधी तीन समज बाजूला ठेवा. पहिला, १०० वर्षं झाली की घर आपोआप वारसा ठरतं. तसं होत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातली १०० वर्षांची अट राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यासाठी आहे, आणि घोषणा झाल्याशिवाय तिचा काही उपयोग नाही. मुंबईच्या १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या, तेव्हा त्यांची शंभरी भरलेली नव्हती. दुसरा, घरात कुणी थोर व्यक्ती राहून गेली असली पाहिजे. हा अनेक निकषांपैकी फक्त एक आहे. तिसरा, महापालिकेच्या यादीत नाव नाही म्हणजे मूल्य नाही. यादी हा एका वेळी झालेल्या पाहणीचा निकाल असतो. पाहणीत सुटलेली चांगली घरं उपनगरांच्या गल्ल्यांत आजही उभी आहेत.

घर कोणत्या कुळातलं, ते आधी ठरवा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या वसाहती या ट्रस्टच्या. रस्ते आधी आखले, भूखंड भाडेपट्ट्याने दिले, आजूबाजूला किती जागा मोकळी सोडायची याच्या अटी घातल्या. हिंदू कॉलनी, मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली पारशी कॉलनी ही याच आखणीतली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, म्हणून या घरांचे मूळ कागद आज महापालिकेच्या मालमत्ता खात्याच्या दप्तरात शोधावे लागतात.

दुसरं कूळ नगररचना योजनांचं. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याखाली वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले इथली भातशेती मोजून, रस्ते काढून, चौकोनी भूखंडांत वाटली गेली. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि या भूखंडांवर घरं भराभर उठली.

तिसरं कूळ गावठाणातलं. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाच्या) घरांना पुढे अंगण नसतं, ती थेट वाटेला लागलेली असतात. बाहेरून चढणारा जिना, लाकडी सज्जा, वळणावर क्रूस. घर १९२० साली पुन्हा बांधलेलं असलं तरी जागेचा आराखडा त्याहून कितीतरी जुना असू शकतो.

याशिवाय सहकारी वसाहती आहेत. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. पुढे अनेक समाजांनी हाच मार्ग धरून उपनगरांत जागा घेतल्या. तुमचं घर यांपैकी कशातलं आहे त्यावर दोन गोष्टी ठरतात: कागद कुठे मिळतील, आणि घराचं मूल्य एकट्याचं आहे की रांगेचं. ट्रस्टच्या आणि योजनेतल्या घरांचं मूल्य बहुतेक वेळा रांगेत असतं.

कागद: कोणता कागद काय सांगतो, काय सांगत नाही

वहीच्या पहिल्या पानावर घराचे सगळे क्रमांक एकाखाली एक लिहा: नगर भूमापन क्रमांक (बोलीत सीटीएस), नगररचना योजनेचा क्रमांक, मूळ भूखंड, अंतिम भूखंड (एफपी नंबर), जुना सर्व्हे व हिस्सा नंबर, महापालिकेचा वॉर्ड व घर क्रमांक, करखात्याचा लेखा क्रमांक. निम्मा गोंधळ इथेच मिटतो. १९२५ च्या खतात सर्व्हे नंबर असतो, आजच्या मिळकत पत्रिकेवर सीटीएस असतो, आणि एकाच घराचे हे दोन कागद दोन वेगळ्या घरांचे समजून बाजूला ठेवले जातात.

मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात मिळते. तीत क्षेत्र, सत्ता प्रकार, धारकांची नावं आणि फेरफार नोंदी असतात. ती जमिनीची आहे, घराचं वय तिच्यात नसतं.

वय काढायला सर्वांत उपयोगी पडतात ती जुनी खतं आणि गहाणखतं. मिळकतीच्या वर्णनाचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. समजा १९२४ च्या खरेदीखतात ‘मोकळा भूखंड’ लिहिलंय आणि १९३१ च्या गहाणखतात ‘त्यावरील बंगला व आउटहाउससह’ लिहिलंय. घर या सात वर्षांत बांधलं गेलं, हे एवढ्यावरून सिद्ध होतं. चतुःसीमाही उतरवून घ्या. ‘पूर्वेस अमक्याचं शेत’ असं एका खतात आणि ‘पूर्वेस ४० फुटी रस्ता’ असं पुढच्या खतात असेल, तर गल्ली कधी पडली तेही कळतं. नोंदणी कार्यालयातल्या सूची क्र. २ वरून खतांचे क्रमांक शोधता येतात.

करआकारणीचा उतारा घेताना एक चूक हमखास होते. १९६१–६२ चा उतारा पुष्कळांकडे असतो, कारण जुनं बांधकाम मान्य धरण्यासाठी तो लागतो. त्यावरूनच ‘घर १९६१ चं’ असं लिहिलं जातं. त्या साली घर अस्तित्वात होतं, एवढंच तो सांगतो. त्याआधीच्या नोंदी मागा. १९५० पर्यंत वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले ही उपनगरं मुंबई महापालिकेबाहेर होती आणि वांद्र्यासारख्या ठिकाणी स्वतःची नगरपालिका होती, त्यामुळे बांधकाम परवानगी त्या जुन्या दप्तरातून शोधावी लागते. मंजूर नकाशाची निळी प्रत मिळाली तर तिला घडीवर हात लावू नका. सपाट ठेवून, सावलीत, वरून फोटो काढा आणि आम्लविरहित कागदात गुंडाळा. लॅमिनेशन कधीही नको.

आणि घरातले अल्बम. मुंज, साखरपुडा, गणपती, अंगणात काढलेला कुटुंबाचा फोटो. त्यात माणसांच्या मागे काय आहे ते भिंगाने पाहा: कठड्याची नक्षी, खिडकीचे गज, फाटकाचे खांब, कौलांची रांग. तारीख माहीत असलेला एक लग्नाचा फोटो दहा अंदाजांना पुरून उरतो.

मोजमाप आणि फोटो

लागणारं सामान: ५ मीटर आणि ३० मीटरचा टेप, ओळंबा, टॉर्च, १ मीटरची काळी-पांढरी पट्टी (लाकडी पट्टीवर दर १० सेंटिमीटरला रंग देऊन घरीच करता येते), पेन्सिल, आलेखाचा कागद, बारीक पेचकस, खडू.

फोटो असे काढा: चारही बाजू समोरून, चारही कोपऱ्यांतून तिरके, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून शेजारच्या घरांसकट, मग खोलीगणिक चार भिंती, छत आणि जमीन, शेवटी तपशील. प्रत्येक तपशिलाच्या फोटोत पट्टी हवी. फोटोला क्रमांक द्या आणि तो क्रमांक नकाशावर बाणासह लिहा. बाण नसलेला फोटो वर्षभरात निरुपयोगी होतो, कारण उत्तरेची खिडकी कोणती आणि दक्षिणेची कोणती हे मग कुणालाच आठवत नाही.

नकाशा १:५० प्रमाणात काढा. माप दोन्हींत लिहा, मीटर आणि फूट-इंच. घर फुटांत बांधलेलं आहे. खोली ३.६६ मीटर भरली की काही कळत नाही, पण तीच १२ फूट लिहिली की मूळ आखणी दिसते. बाकी खोल्या १०, १२, १४ अशा सरळ फुटांत असताना एखादीच ९ फूट ४ इंच निघाली, तर मधली भिंत मागाहून घातली असण्याची शक्यता मोठी. प्रत्येक भिंतीची जाडी मोजा. चुन्यातली वीटभिंत गिलाव्यासह साधारण १५–१६ इंच किंवा १०–११ इंच भरते. ५–६ इंचाची भिंत बहुधा नंतरचा आडोसा असतो.

घर वाचणं, वरून खाली

कामाचा गाभा हाच. कौलांपासून सुरू करा.

मंगलोरी कौल उलटून पाहा. मागे कारखान्याचा ठसा असतो. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेच्या कौलावर १८६५ हा आकडा दिसतो आणि पुष्कळजण आनंदाने घर १८६५ चं ठरवतात. ते मंगलोरमधल्या जेप्पू इथला कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल घडवल्याचं नाही. पहिल्या महायुद्धानंतर बासेल मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे कॉमनवेल्थचा ठसा असलेलं कौल त्यानंतरचं. कौलं दर काही पावसाळ्यांनी बदलली जातात, म्हणून एका कौलावर निष्कर्ष काढू नका. छपराच्या चारही उतारांवरची, शिवाय आढ्याची, मिळून २०–२५ कौलं पाहा आणि कोणता ठसा किती वेळा आला ते लिहा. चौरस मीटरला साधारण १५ कौलं बसतात. हा हिशेब बदलीची कौलं जमवताना कामी येतो.

कौलांखाली रीप, वासे, आढं. जुनं लाकूड बहुधा बर्मा साग. १९४२ मध्ये बर्मा जपानच्या ताब्यात गेला आणि तिथून येणारा साग थांबला, त्यामुळे लांब, गाठी नसलेल्या अखंड सागवानी तुळया सहसा त्याआधीच्या. तुळईची टोकं भिंतीत शिरतात तिथे पेचकस टोचा. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर लाकूड शाबूत, सेंटिमीटरभर आत गेला तर कुजलेलं. मधला भाग ठणठणीत आणि टोकं गेलेली, हे फार घरांत दिसतं. याचं कारण भिंतीतली ओल. अशा वेळी अख्खी तुळई बदलण्याची गरज नसते. टोक कापून नव्या सागाचा तुकडा खाच-जोडाने बसवता येतो.

मजल्याला लोखंडी गर्डर असतील तर टॉर्च तिरका धरून पोटावर शोधा. रंगाच्या थरांखाली उंच अक्षरं लागतात. खडू आडवा फिरवला की ती उठून दिसतात. डॉर्मन लाँग, मिडल्सबरो अशी विलायती नावं मिळतात, कधी टाटा. जमशेदपूरला टाटांचं पोलाद पहिल्यांदा १९१२ मध्ये निघालं, म्हणजे टाटाचा ठसा त्याआधीचा असूच शकत नाही. गर्डरांमध्ये दगडी लादी आणि वर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा, याला मुंबईत लादी-कोबा म्हणतात. हे तंत्र आज क्वचितच कुणी वापरतं, म्हणून नोंदीत त्याचं नाव स्पष्ट लिहा. सज्जा किंवा छज्जा काँक्रीटचा असेल तर तोही लिहा. चुन्याच्या भिंती, विलायती गर्डर आणि काँक्रीटचे पातळ छज्जे एकाच घरात असणं ही १९२५ ते १९४० मधली संक्रमणाची खूण आहे. काही जण अशा घराला धेडगुजरी म्हणून कमी लेखतात. आमच्या मते उपनगराचा खरा इतिहास याच घरांत आहे.

जमिनीकडे या. रंगीत नक्षीच्या सिमेंट लाद्या १९२० नंतर मोठ्या प्रमाणावर भारतातच बनू लागल्या. भारत टाइल्स या लाद्या बनवणाऱ्या कंपनीची स्थापना १९२२ ची. बैठकीच्या खोलीत मधोमध गालिच्यासारखी नक्षी आणि भिंतीलगत पट्टा असा नमुना असतो. पट्टा चारही बाजूंनी नीट फिरतोय का पाहा. तो एका भिंतीखाली शिरून पलीकडच्या खोलीत निघत असेल, तर ती भिंत नंतरची, आणि मूळ खोली किती मोठी होती ते लादीनेच सांगितलं. ओटीच्या पाठभिंतीवर किंवा जिन्याच्या पायऱ्यांवर फुलांच्या उठावाच्या चकचकीत फरश्या असतील तर निखळलेली एखादी उलटून पाहा. त्या काळात जपानहून अशा फरश्या खूप येत आणि मागे तसा ठसा असतो. सिमेंट लादीचा रंग वरच्या काही मिलिमीटरमध्येच असतो. यंत्राने घासून पॉलिश केलं की नक्षी पुसट होते, आम्लाने धुतली की पृष्ठभाग खरखरीत होतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि नारळाच्या काथ्याची घासणी पुरते.

भिंतीचा चुना ओळखताना घाई नको. आम्लाचा थेंब टाकला, फेस आला, म्हणजे चुना, असं सांगितलं जातं. जुन्या सिमेंटवरही फेस येतो. त्यापेक्षा किल्लीने ओरखडा काढा. चुन्याचा गिलावा सहज खरवडला जातो आणि त्यात पांढरे, न मिसळलेले चुन्याचे ठिपके दिसतात. सिमेंट करडं असतं आणि किल्ली घसरते.

मूळ रंग शोधायला दाराच्या मागची किंवा कपाटाआडची जागा निवडा. २–३ सेंटिमीटरचा चौकोन आखा, धारदार पात्याने एकेक थर पायरीसारखा उघडा करा आणि प्रत्येक थराचा रंग दिवसाच्या उजेडात लिहा. रामरजाचा पिवळा, गेरूचा तांबूस, नीळ घातलेला पांढरा असे थर निघतात. लाकडावरच्या जुन्या तैलरंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चला. कोरडं घासू नका, ज्वाळेने जाळू नका. पृष्ठभाग ओला करून, एन-९५ मास्क लावून, खाली प्लास्टिक अंथरून काम करा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

विजेची जोडणीही काही सांगते. उपनगरांना वीज पुरवणारी कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. लाकडी पट्टीतून नेलेल्या तारा आणि गोल काळी किंवा पांढरी चिनी मातीची बटणं असतील तर त्या जोडणीचे फोटो आणि एक नमुना ठेवा, पण तारा बदलाच. जुनी वायरिंग जपण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नये.

घराबाहेरचं घर

मूल्यमापनात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते भूखंडाकडे. उपनगराची कल्पनाच मुळी हवा, उजेड आणि चारी बाजूंनी सोडलेली मोकळी जागा यांवर उभी होती. प्लेगनंतर दाटीला घाबरलेल्या शहराने शोधलेला तो उपाय होता. त्यामुळे पुढचं अंगण, कुंपणाची ठेंगणी भिंत, फाटकाचे खांब, विहीर, तुळशीवृंदावन किंवा क्रूस, आउटहाउस, मागचं स्वयंपाकघर हे सगळं नकाशावर आलं पाहिजे. मागच्या बाजूला अरुंद बोळ आणि सुटा संडास असेल तर तोही मापून घ्या. मैला वाहून नेणाऱ्या कामगारांना पुढून येऊ न देण्यासाठी तो बोळ आखलेला असे. घराच्या सामाजिक इतिहासातला हा भाग गाळून लिहिलेली नोंद अर्धवट राहील.

झाडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजा. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष मानलं जातं, म्हणून अंगणातला आंबा-फणस स्वतंत्र नोंद मागतो.

आता ओटीच्या पायऱ्या मोजा. बाकी पायऱ्या ६ इंचांच्या आणि सर्वांत खालची फक्त २ इंच दिसत असेल, तर भोवतालची जमीन किमान ४ इंच चढली आहे. एखादी पायरी पूर्ण गाडलीही गेली असेल. दर डांबरीकरणाने रस्ता वर येतो, मग अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात, आणि काळ्या दगडाचं जोतं हळूहळू बुडतं. भिंतीत ओल चढण्याचं हे मोठं कारण आहे. जोत्याची दिसणारी उंची घराच्या चारही कोपऱ्यांवर मोजून लिहा. पुण्यात नदीकाठच्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराची पाणरेषा भिंतीवर सापडली तर तिचीही उंची मोजून फोटो घ्या.

मूल्य शब्दांत मांडणं

मुंबईच्या नियमावलीतले निकष साधारण असे आहेत: वास्तुशास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सांस्कृतिक मूल्य, काळ, रचना किंवा वेगळा वापर, सामाजिक-आर्थिक इतिहासाशी नातं, नामवंत व्यक्तीशी किंवा घटनेशी संबंध, एखाद्या शैलीचं किंवा जीवनपद्धतीचं प्रतिनिधित्व, वास्तुविकासाच्या साखळीतला दुवा, समूहातलं मूल्य, तंत्रज्ञानाचा टप्पा, निसर्गदृश्य आणि मोकळ्या जागा. प्रत्येक निकषापुढे पुरावा लिहा. पुरावा नसेल तर तो निकष मोकळा सोडा. सगळे रकाने भरलेला अर्ज पाहणाऱ्याला पटत नाही. तीन रकाने पक्क्या पुराव्यानिशी भरलेला पटतो.

‘भव्य’, ‘अप्रतिम’, ‘वैभवशाली’ हे शब्द काढून टाका. नमुन्यादाखल, एका कल्पित घराचं मूल्यकथन असं लिहिता येईल:

‘नगररचना योजनेतील भूखंडावरील हा एकमजली बंगला १९२४ ते १९३१ दरम्यान बांधला गेला (खरेदीखत व गहाणखत). चुन्यातील वीटभिंती, लादी-कोब्याचा मजला व पुढील काँक्रीट सज्जा एकत्र असल्याने बांधकामतंत्राच्या संक्रमणाचा तो नमुना आहे. बैठकीतील नक्षीच्या लाद्या मूळ मांडणीत शाबूत आहेत. समोरची १५ फूट मोकळी जागा, कुंपणभिंत व ओटी शेजारच्या चार घरांशी एका रेषेत असून या गल्लीचं मूळ स्वरूप त्यामुळे टिकून आहे. पश्चिमेकडील शयनगृह व गच्चीवरील पत्र्याची शेड नंतरची असून त्यांना वारसामूल्य नाही.’

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. कशाला मूल्य नाही ते तुम्हीच लिहिलंत की बाकीच्या म्हणण्याला वजन येतं, आणि पुढे घरात सोय करायची तर ती कुठे करता येईल तेही ठरतं. सोबत घटकांचा तक्ता जोडा: मूळ व शाबूत, मूळ पण नादुरुस्त, नंतरचं पण चांगलं, नंतरचं व काढण्याजोगं. प्रत्येक दार, खिडकी, जिना आणि जमीन यांपैकी एका रकान्यात गेली पाहिजे.

श्रेणी आणि परवानगी

मुंबईत वारसा नियम १९९५ साली लागू झाले. आज ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या विनियम ५२ मध्ये आहेत. श्रेणी तीन: पहिली राष्ट्रीय महत्त्वाची, दुसरी (अ आणि ब) प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाची, तिसरी नगरदृश्यासाठी महत्त्वाची. उपनगरी घरं बहुधा तिसऱ्या श्रेणीत किंवा परिसर म्हणून नोंदली जातात, क्वचित दुसऱ्या ब मध्ये. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल आणि नवा वापर सहसा करता येतो, मात्र परिसराचं रूप बिघडू नये ही अट असते. ‘हेरिटेज झालं की खिळाही ठोकता येत नाही’ ही भीती या श्रेणीपुरती निराधार आहे. उरलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि तिच्यातही वारसा तरतुदी आहेत. अर्ज करायच्या दिवशी चालू असलेला मजकूर आणि दुरुस्त्या वाचा, जुन्या पुस्तिकेवर विसंबू नका.

यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव आयुक्त आणि वारसा संवर्धन समितीपुढे जातो. हरकती-सूचना मागवल्या जातात, अंतिम मंजुरी शासनाची. अर्ज एकट्या घराचा करण्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच घरांचा एकत्र केलात तर समूहमूल्याचा निकष लागू होतो आणि बाजू भक्कम होते. नोंदीमुळे बांधकामाचा हक्क कमी होत असेल तर काही अटींवर त्याबदली हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळण्याची तरतूद आहे. घरातल्या भाऊबंदांशी बोलताना हा मुद्दा आधी मांडा, कारण विरोध बहुधा पैशाच्या भीतीतून येतो आणि ती भीती रास्त असते.

संरचनात्मक तपासणीचा अहवाल हातात आला की त्यातल्या चाचण्या पाहा. रिबाउंड हॅमर (हातोडीच्या उसळीवरून मजबुती मोजणं) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी आरपार सोडून मोजणं) या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. चुन्यातल्या वीटभिंतीवर त्या केल्या तर आकडे कमी येणारच, आणि त्यांवरून घर ‘अतिधोकादायक’ वर्गात ढकललं जाऊ शकतं. चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेला अभियंता नेमा आणि भिंतींचा ओळंबा, लाकडाची टोचणी-तपासणी, गर्डरच्या गंजाची मोजणी, भेगांची नोंद यांची लेखी मागणी करा. भेगेवर काचेची पट्टी चुन्याने किंवा प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा पट्टी शाबूत राहिली तर भेग थांबलेली आहे. भेगेच्या आत धूळ किंवा जुना रंग असेल तर ती जुनी, कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. काँक्रीटचे जुने छज्जे मात्र गंभीरपणे घ्या. त्यांत सळईवरचं आवरण पातळ असतं, सळई गंजून फुगते आणि खपल्या सुटतात. खालून ये-जा लगेच थांबवा.

निर्णय होईपर्यंत घर टिकवायचं तर

परवानग्यांना वेळ लागतो आणि पावसाळा थांबत नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत एवढं उरका: फुटकी कौलं बदला, आढ्याच्या कौलांखालचा चुना भरा, पन्हळी आणि उतरते नळ पानं काढून बादलीभर पाण्याने तपासा, भिंतींतली पिंपळाची रोपं मुळासकट काढा (नुसती कापली तर ती जाड होऊन परत फुटतात), जोत्यालगतचे पेव्हर ब्लॉक किमान दीड फूट रुंदीत उचलून तिथे उताराची खडी घाला.

गिलावा सुटला असेल तर सिमेंट लावू नका. चुन्याची भिंत ओल शोषते आणि सोडते. वर सिमेंटचं कवच बसलं की ओल आतच अडकते, क्षार साचतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत कवच विटेच्या पृष्ठभागासकट गळून पडतं. मूळ पुरावाही त्याबरोबर जातो. १ भाग विरवलेला चुना, १ भाग सुरखी (भाजलेल्या विटेची पूड) आणि २ भाग चाळलेली वाळू या मिश्रणाने सुरुवात करा. चुना किमान ३ आठवडे पाण्याखाली मुरलेला असावा. आधी आतल्या बाजूला ३० × ३० सेंटिमीटरचा नमुना लावा. तडकला तर वाळू वाढवा, भुगा सुटला तर पाणी मारणं कमी पडलंय. जुनी भिंत आदल्या दिवशी भिजवा, पहिला थर १०–१२ मिलिमीटरहून जाड नको, आणि ओलं गोणपाट लावून १० ते १४ दिवस दमट ठेवा. भर उन्हात किंवा पाऊस तोंडावर आलेला असताना हे काम काढू नका. त्याचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी.

काढलेली प्रत्येक मूळ वस्तू, मग ती पितळी कडी असो, झिलमिलीची (खिडकीच्या तिरक्या पट्ट्यांची) फळी असो की रंगीत काच, तिला चिठ्ठी बांधा: खोली, भिंत, उंची, तारीख. कौलं आणि लाद्या उभ्या, कडेवर रचून ठेवा. आडवी थप्पी केली तर खालच्या थराला तडे जातात. पूर्ण नोंदीच्या तीन प्रती करा. एक घरात, एक घराबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे, एक सोसायटीच्या किंवा वास्तुविशारदाच्या दप्तरात, आणि तिन्हींवर पाहणीची तारीख लिहा.